पाला जळाला, पण झाड मेलं का? (कडाक्याच्या थंडीनंतरची बाग)

अक्कलकोट_रोड

मंडळी, थंडी तिकडची आहे, पण प्रश्न सोलापुरातून विचारतोय. बहीण अमेरिकेत, टेक्सासमधल्या सॅन अँटोनिओजवळ राहते. १५ फेब्रुवारी २०२१ ला पहाटे तिथे पारा उणे १२ च्याही खाली गेला. मधल्या काही दिवसांत दुपारीसुद्धा बर्फ वितळला नाही. त्याआधी हवा चांगली उबदार होती, त्यामुळे झाडं बेसावध सापडली.

बागेत आहे ते असं. जमिनीत डाळिंब, अंजीर, कलमी लिंबू, कण्हेर, बोगनवेल, मोगरा, केळीचं बेट, दोन क्रेप मर्टल (फुलझाड), एक एकखोडी पाम आणि अंगणात जुना लाइव्ह ओक (मोठा वृक्ष). कुंड्यांत कढीपत्ता आणि जास्वंद. सगळ्यांचा पाला तपकिरी किंवा काळा पडलाय. तिथला बागकामवाला म्हणतो, "सगळं उपटून टाका, नवीन लावून देतो." माझं मत, जूनपर्यंत कुदळ बाजूला ठेवावी. माझं बरोबर आहे का? छाटणी कधी, पाणी किती, खत द्यायचं की नाही?

हिप्परगा_काठ

सोलापुरात गोठतं ते फक्त फ्रीजरमधलं पाणी, तेही लाइट असली तर. जाणकार येईपर्यंत धागा वर ठेवतो.

डाळिंबवाला_सांगोला

बागकामवाल्याला आधी थांबवा. पाला जळणं आणि झाड मरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडे बहार धरताना काय करतो? पाणी तोडून ताण देतो, वरून इथरेल (पानगळीचं औषध) मारून अख्खी बाग उघडी करतो. नवख्याला दाखवली तर म्हणेल बाग मेली. पण काडी जिवंत असते म्हणून पाणी सोडलं की फूट येते. तेव्हा पाल्याकडे बघू नका, काडी तपासा.

शेंड्याकडून सुरुवात करा. नखाने किंवा चाकूच्या टोकाने साल तांदळाच्या दाण्याएवढी खरवडा. आत हिरवं आणि ओलसर दिसलं तर तिथवर काडी जिवंत. पिवळट-तपकिरी आणि कोरडं निघालं तर तेवढा भाग गेला. मग वीतभर खाली या, पुन्हा खरवडा. असं जमिनीपर्यंत. एकाच जागी गोल खरवडू नका, तेवढ्याने फांदीची साल तुटते आणि जिवंत असलेली पण मरते. एका फांदीवरून निकाल देऊ नका, चारी बाजूंच्या बघा.

आणि ही तपासणी आत्ता करू नका. मार बसल्यावर लगेच खरवडलं तर मेलेली काडीसुद्धा हिरवीच दिसते.

रानवेल

डाळिंबवाला दादांच्या शेवटच्या ओळीला जोडून. काडी लगेच तपकिरी का होत नाही, तर बर्फ बहुतेक वेळा आधी पेशींच्या मधल्या मोकळ्या जागेत तयार होतो आणि पेशींतलं पाणी बाहेर ओढून घेतो. पेशी आतून सुकते, तिचं पातळ आवरण फाटतं. पेशीच्या आतच बर्फ झाला तर ती हमखास जाते. पण फाटलेल्या पेशींतला रस हवेशी मिसळून काळा-तपकिरी पडायला काही दिवस, जाड फांदीत काही आठवडेही लागतात. पानं पातळ असतात म्हणून ती आधी काळी होतात, लाकडाचा निकाल मागून लागतो.

उबदार हवेनंतर आलेली थंडी जास्त मारते, हेही बरोबर. दिवस लहान होत गेले, गारवा हळूहळू वाढला की झाड पेशींत साखर साठवतं, वाढ थांबवतं, काडी पक्व करतं. ही तयारी झाली नसेल तर जे झाड एरवी उणे १० सोसतं ते उणे ५ लाच मार खातं. म्हणून कोणतं झाड किती थंडी सोसतं याच्या तक्त्यांतले आकडे बघून निर्धास्त राहू नये आणि घाबरूही नये.

अजून एक. एकाच झाडात सगळे भाग सारखे काटक नसतात. फुलाचे डोळे पानाच्या डोळ्यांपेक्षा नाजूक, आणि मुळं तर फांद्यांपेक्षाही नाजूक. जमिनीतल्या मुळांना मातीची ऊब मिळते. कुंडीतल्या मुळांना चारी बाजूंनी थंडी. त्यामुळे यादीत मला खरी काळजी कढीपत्ता आणि जास्वंदीची वाटते.

बाळे_नाका

मला हे पटत नाही. मेलेला भाग तसाच ठेवला की बुरशी खाली सरकते. आंब्याचा शेंडेमर बघा, वेळेवर कापला नाही तर फांदीच जाते. जळालं ते लगेच कापा, बोर्डो (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) लावा, मोकळे व्हा.

डाळिंबवाला_सांगोला

बाळे नाका, शेंडेमर हा रोग आहे, तो स्वतःहून खाली चालत येतो. थंडीचा मार जिथे बसला तिथेच थांबतो. आज कापायचं म्हटलं तरी मेलेलं कुठे संपतं हेच आज कळत नाही. अंदाजाने कापाल तर एक तर जिवंत लाकूड जाईल, नाहीतर मेलेलं राहील आणि पुन्हा कापावं लागेल. शिवाय छाटलं की झाड डोळे फोडतं. तिकडे मार्चमध्येही पारा शून्याखाली येऊ शकतो. कोवळा फुटवा उणे १-२ ला जातो, आणि मग झाडाने साठवलेलं अन्न दोनदा खर्ची पडतं.

हां, पण तुमचं एका बाबतीत खरं. केळी, कर्दळ, अळू, आलं असली रसाळ पाणीदार खोडं पिलपिलीत झाली असतील तर आजच कापा. ती सडतात, वास येतो, सड गड्ड्यापर्यंत उतरते. केळीचं खोड दाबून बघा, बोट आत गेलं तर तिथून खाली टणक भाग लागेपर्यंत आडवं कापत या. आतला गाभा पांढरा आणि घट्ट लागला की थांबा. गड्डा जिवंत असेल तर बाजूने पिलं येतील. मात्र ज्या खोडात घड पोटात होता तो घड गेला, तो पिलांमधून मिळणार नाही.

बाळे_नाका

रसाळ आणि लाकडी हा फरक मान्य. बोर्डोवर मात्र मी ठाम आहे.

निफाडचा_गारठा

सोलापूरकरांनी थंडीवर धागा काढला आणि आम्हाला बोलावलं नाही? :)

निफाडला दर काही वर्षांनी पारा ४-५ अंशांपर्यंत किंवा त्याखाली येतो. हवामान खात्याचा आकडा माणसाच्या छातीएवढ्या उंचीवरचा असतो. रात्र निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर गवताजवळचं तापमान त्याहून काही अंश कमी असतं. म्हणून ३-४ अंशांतही दवबिंदू गोठलेले दिसतात. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी आणि लिंगमळ्याला पांढरी चादर दिसते तीही अशीच.

अशा रात्री आम्ही बागेत शेकोट्या करतो, पहाटे विहिरीचं पाणी ठिबकने सोडतो. विहिरीचं पाणी हवेपेक्षा उबदार असतं, ओली माती दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते. पण टेक्सासला झालं ते वेगळं. तिथे उत्तरेकडून वाऱ्यासकट थंड हवा आली आणि दिवसरात्र राहिली. वारा असला की शेकोटीची ऊब उडून जाते. कापड टाकून सुद्धा फार वाचत नाही, कारण मातीत दिवसा ऊन साठलेलंच नसतं. बहिणीने झाकलं असतं तरी एवढा फरक पडला नसता, तिला सांगा.

हिप्परगा_काठ

सॅन अँटोनिओत अंगणात शेकोटी पेटवली तर आधी अग्निशमनची गाडी येईल, मग मेहुण्यांचा फोन.

निफाडचा_गारठा

तेही आहेच. आणि शेकोटीत कण्हेरीच्या काड्या टाकू नका, नंतर छाटलेल्या सुद्धा. धूर विषारी असतो, चीक हाताला लागतो. छाटताना हातमोजे, आणि काड्या कचऱ्यात.

तुषार सिंचनाचं पण लिहून ठेवतो, कारण पुढच्या वर्षी कोणीतरी अर्धवट करून झाड घालवणार. १ किलो पाणी गोठताना साधारण ८० किलोकॅलरी उष्णता सोडतं, त्यावर ही पद्धत चालते. अट एकच : सुरू केलं की बर्फ वितळायला लागेपर्यंत बंद करायचं नाही. मध्येच वीज गेली किंवा टाकी संपली तर ओल्या पानावरचं पाणी उडताना पान आणखी गार करतं, म्हणजे न केलेलं बरं. आणि वारा असेल तर हा नाद करूच नये. फांद्यांवर बर्फाचं वजन येऊन मोडतात ते वेगळंच.

ह्यूस्टनकर_मूळ_बार्शी

एक महत्त्वाची सूचना, आणि ही टेक्सासपुरतीच. लाइव्ह ओकला आत्ता करवत लावू नका. तिकडे ओक विल्ट नावाचा बुरशीजन्य रोग आहे. ताज्या कापावर रस पिणारे भुंगेरे येतात आणि बुरशी आणतात. मुळांतून शेजारच्या ओकलाही लागतो. म्हणून फेब्रुवारी ते जून ओक छाटायचा नाही असा तिथल्या वनखात्याचा सल्ला आहे. फांदी घरावर मोडून पडली म्हणून कापावीच लागली तर काप लगेच, त्याच मिनिटाला, रंगाने बंद करायचा. एरवी जखमेवर रंग लावू नये म्हणतात, ओक त्याला अपवाद.

पाला तपकिरी झाला म्हणून ओक मेला असं समजू नये. लाइव्ह ओक तसाही वसंतात जुनी पानं टाकून नवी घेतो. एप्रिल-मेपर्यंत वाट बघायची.

पामचं मात्र वेगळं आहे. एकखोडी पामला वाढीचा कोंब एकच, शेंड्याच्या पोटात. तो गेला तर खालून फुटायला दुसरा डोळा नाही. मधलं न उघडलेलं भाल्यासारखं पान धरून हलकं ओढा. घट्ट असेल तर आशा आहे. हातात निघून आलं आणि बुडाशी कुजका वास आला तर आत सड सुरू झाली आहे. तेव्हा त्या पोकळीत कॉपरचं बुरशीनाशक ओतायचं, आठ-दहा दिवसांनी पुन्हा एकदा. भारतात कोणी वाचत असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड २.५ ते ३ ग्रॅम प्रति लिटर. पानांत थोडा जरी हिरवा भाग असेल तरी पान कापू नका, झाडाला तेवढंच अन्न मिळतं. पामचा निकाल कधी कधी ऑगस्टपर्यंत लागत नाही.

सिद्धेश्वर_पेठ

काय बे, आपल्या मे महिन्यातल्या बागेला हेच सगळं लागू होतंय की! ४३-४४ ला कढीपत्ता, जास्वंद, गुलाब असेच करपतात. म्हणजे थंडी आणि ऊन एकच का?

रानवेल

पान दोन्हीत सुकूनच मरतं, म्हणून दिसायला सारखं. उपाय मात्र उलटे.

उन्हात झाडाची पानं शिल्लक असतात, ती पाणी उडवत असतात, मुळांना ओढायला पाणी लागतं. पाणी हाच उपाय. थंडीत पानं मेलेली असतात, मेलेलं पान पाणी ओढत नाही. झाडाची मागणी एकदम खाली येते. लोक मात्र कोमेजलेलं बघून रोज पाईप सोडतात, आणि थंडीतून वाचलेली मुळं चिखलात गुदमरून जातात. बोटभर नाही, चांगली चार इंच माती उकरून बघायची. आत ओल असेल तर पाणी नको.

अवांतर : आपल्याकडे नळाला काही दिवसांआड पाणी येतं म्हणून एकदाच भरपूर ओतून ठेवायची सवय असते. ती सवय पानगळ झालेल्या झाडाला घातक.

सिद्धेश्वर_पेठ

पाणी कमी मिळतं तेच बरं म्हणायचं. महापालिकेला कळवू नका.

कंदरची_केळी

केळीबद्दल भर घालतो, कारण करमाळा-टेंभुर्णी पट्ट्यात गोठत नसलं तरी १० अंशांखाली केळी अडते. पोग्यात (शेंड्यातल्या न उघडलेल्या पानाच्या गुंडाळीत) पान अडकतं, घड बाहेर यायला जागा मिळत नाही, गळ्याशी घुसमटून आडवा निघतो. पानांच्या कडा पिवळ्या पडतात. हा गोठण्याचा मार नाही, गारठ्याचा. यातून केळी उठते, पण हंगाम लांबतो. टिश्यू कल्चरची लहान रोपं असतील तर भोवती स्कर्टिंग बॅग (रोपाभोवतीचं पिशवीसारखं आवरण) लावतात, बागेच्या कडेला शेवरी किंवा गजराज गवताचा वाराअडोसा करतात. सॅन अँटोनिओच्या केळीला तेवढ्याने काही झालं नसतं म्हणा.

डाळिंबवाला_सांगोला

आता बाळे नाकांच्या बोर्डोकडे. वेळेवर केला तर फायद्याचाच आहे, चुकीचा केला तर खोड जाळतो.

खोडाला लावायची पेस्ट : मोरचूद १ किलो, कळीचा चुना १ किलो, पाणी १० लिटर. दोन प्लास्टिकच्या बादल्यांत ५-५ लिटरमध्ये वेगवेगळं विरघळवायचं. लोखंडी किंवा पत्र्याचं भांडं नको. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत काडीने ढवळायचं. घासलेला लोखंडी खिळा किंवा सुरी मिनिटभर बुडवा. तांबूस थर चढला तर तांबं मोकळं आहे, चुना वाढवा. नाही चढला तर तयार. त्याच दिवशी संपवायचं, शिळी पेस्ट चिकटत नाही आणि उपयोगही होत नाही. फवारणीचा १ टक्का बोर्डो म्हणजे हेच १ किलो-१ किलो, पण पाणी १०० लिटर. कोवळ्या फुटव्यावर तोही नको, पानं भाजतात.

तिकडे एवढ्या झाडांसाठी घरी कालवण्याची गरज नाही. पाला गेल्यामुळे उघड्या पडलेल्या खोडाला खरा धोका एप्रिल-मेच्या उन्हाचा. त्यासाठी पाण्यात मिसळणारा पांढरा रंग निम्म्यास निम्मं पाणी घालून दक्षिण-पश्चिमेच्या बाजूला लावला तरी पुरतो. तेलाचा रंग अजिबात नको.

आणि खोड बुडाजवळ बघायला सांगा. थंडीने साल उभी तडकते. हे लगेच दिसत नाही, उष्मा वाढला की साल सुटते. सुटलेली साल धारदार चाकूने जिथे चिकटलेली आहे तिथपर्यंत साफ करा, कडा गुळगुळीत करा. निम्म्याहून जास्त घेराची साल शाबूत असेल तर झाड बहुधा तगतं. चहूबाजूंनी सुटली असेल तर वर कितीही हिरवं दिसो, ते झाड त्या जागेच्या वर टिकणार नाही.

बाळे_नाका

आता बरोबर बोललात. खिळ्याची परीक्षा लोक विसरतात आणि मग खोड काळं पडलं म्हणून बोर्डोला शिव्या देतात.

ह्यूस्टनकर_मूळ_बार्शी

मूळ यादीवर माझा अंदाज, तिथल्या झाडांच्या वागण्यावरून.

डाळिंब : सुप्तावस्थेत उणे १० पर्यंत सोसतं. या थंडीत वरचं गेलं तरी मुळातून येईल. गुटीचं किंवा छाटकलमाचं असतं, त्यामुळे जमिनीतून आलेला फुटवा त्याच जातीचा.

अंजीर : जमिनीपर्यंत जळतं, पुन्हा येतं. मुख्य पीक नव्या काडीवर लागतं, म्हणून लवकर फुटलं तर त्याच वर्षी थोडी फळंही मिळतात.

कण्हेर, बोगनवेल, मोगरा : वरचं गेलं समजा. बुडातून येतील, मोगरा सगळ्यात उशिरा.

क्रेप मर्टल : आपल्या ताम्हणाचं भावंड. एप्रिल संपेपर्यंत काठीसारखं उभं राहतं, मग फुटतं. घाईने तोडलं जाणारं हेच झाड. फुलं नव्या काडीवर येतात, त्यामुळे मागून छाटलं तरी नुकसान नाही.

लिंबू : कठीण. लिंबाचं लाकूड उणे ३-४ ला मार खातं, उणे १२ ला कलमाच्या वरचं वाचणं मुश्किल.

जास्वंद आणि कढीपत्ता कुंडीत : कुंडीतून गोळा अलगद काढून मुळं बघा. पांढरी-क्रीम आणि टणक असतील तर परत ठेवा. तपकिरी, पिलपिलीत, सालपट निघणारी असतील तर झालं. कढीपत्ता जमिनीत असता तर मुळातून आला असता.

खत कशालाच नको. नवी पानं पूर्ण उघडल्यावर नेहमीच्या एक तृतीयांश, तेही दोन हप्त्यांत. आच्छादन दोन-तीन इंच, खोडापासून चार बोटं लांब.

सुप्रभा_होटगी

वाचतेय. बोगनवेलीचं उत्तर मिळालं, बाकीचं बोनस.

अक्कलकोट_रोड

सगळ्यांचे आभार. बागकामवाल्याला "जूननंतर या" असं सांगितलंय. तो नाराज दिसतो, तिकडे बर्फ पडला की यांची चांदी.

अक्कलकोट_रोड

धागा वर आणतोय, जून लागला. ओक पूर्ण हिरवा. क्रेप मर्टल खालच्या निम्म्या भागातून फुटले. अंजीर आणि डाळिंब जमिनीतून, भरपूर काड्या. कण्हेर, बोगनवेल बुडातून. केळीला पिलं. मोगरा शांत. पाम गेला, भाला हातात आला होता. कुंड्या दोन्ही गेल्या.

आता तीन शंका. लिंबाला बुडातून जोरदार फुटवे आहेत, सगळे खूश आहेत, पण पानं तीन-तीन दलांची आणि काटे बोटभर. डाळिंबाला पंधरा-वीस काड्या आल्यात, किती ठेवायच्या? आणि एका मर्टलला एप्रिलमध्ये वरच्या फांद्यांवर पानं आली होती, ती आता अचानक सुकली. पाणी वेळेवर होतं.

रानवेल

मर्टलचं आधी. फांदीत साठलेल्या अन्नावर आणि ओलाव्यावर डोळे फुटतात, पण साल आणि लाकूड यांच्यामधला थर मेलेला असेल तर पाणी नेणाऱ्या नवीन नळ्या तयार होत नाहीत. गारवा असेपर्यंत भागतं. उष्मा वाढून पानांची मागणी वाढली की पुरवठा तुटतो आणि सगळं एका आठवड्यात सुकतं. पाणी वाढवून उपयोग नाही. पुन्हा खरवडत खाली या, हिरवं लागेल तिथे डोळ्याच्या थोडं वर तिरका काप. आता छाटायला हरकत नाही, मेलेलं आणि जिवंत यांची सीमा आता स्पष्ट झाली आहे.

नवीन पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर तो मात्र थंडीचा परिणाम नाही. सॅन अँटोनिओची माती आपल्यासारखीच चुनखडीची, तिथे लोह अडकतं. जमिनीतून फेरस सल्फेट दिलं तर तेही अडकून बसतं, ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह लागतं.

डाळिंबवाला_सांगोला

लिंबू : तीन दलांचं पान म्हणजे खुंट (ज्या झाडावर कलम केलं ते खालचं झाड) फुटलाय, ट्रायफोलिएट संत्र्याचा. वरचं कलम मेलं. फळं येतील पण कडू, बियाळ. कलमाच्या जोडाच्या वर एकही हिरवा डोळा नसेल तर दोनच मार्ग : उपटून नवं लावा, नाहीतर त्यातला एक जोमदार फुटवा ठेवून पेन्सिलीएवढा जाड झाल्यावर त्यावर डोळा भरा (चांगल्या जातीचा डोळा सालीत बसवून कलम करा). बाकीचे फुटवे कात्रीने कापू नका, कोवळे असताना हाताने खाली ओढून मुळाशी उपटा, नाहीतर एकाचे चार होतात. आपल्या कागदी लिंबाची गोष्ट वेगळी आहे. तो बहुतेक बियांपासून केलेला असतो, त्यामुळे बुडातून फुटला तरी कागदीच. पण मोसंबी आपल्याकडेही रंगपूर किंवा जंबेरी खुंटावर असते, तिथे हीच फसगत होते.

डाळिंब : तीन ते चार काड्या ठेवा, एकमेकींपासून लांब फुटलेल्या, बाहेर झुकणाऱ्या. बाकीच्या काढा. पण सगळ्या आजच नाही. सगळ्या एकदम काढल्या तर उरलेल्या वाऱ्याने मोडतात. आत्ता निम्म्या, महिन्याभराने उरलेल्या. एकच खोड ठेवायचा मोह नको. सांगोल्यात खोडकिड्याने आणि मर रोगाने किती बागा गेल्या ते बघितलंय सगळ्यांनी, चार खोडं असली की एक गेलं तरी तीन राहतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फळ धरा.

जुनी मेलेली खोडं जमिनीलगत कापून टाका. मार खाल्लेल्या लाकडाचा वास खोडकिड्याला लांबून लागतो. टाचणीएवढी भोकं आणि खाली भुसा दिसला तर ते लाकूड बागेत ठेवायचंच नाही.

बाळे_नाका

आणि कापावर पेस्ट.

डाळिंबवाला_सांगोला

आणि कापावर पेस्ट. खिळा बुडवून.

हिप्परगा_काठ

बागकामवाल्याचं काय झालं?

अक्कलकोट_रोड

आला होता. पाम उपटून घेऊन गेला, लिंबाचे पण पैसे सांगत होता. त्याला म्हटलं खुंट ठेवायचाय, डोळा भरायचाय. त्याला डोळा भरता येत नाही म्हणे. आता बहिणीला व्हिडिओ कॉलवर टी आकाराचा काप शिकवायचाय. डाळिंबवाला दादा, रविवारी वेळ आहे का?

डाळिंबवाला_सांगोला

आहे. फुटवा आधी पेन्सिलीएवढा होऊ द्या, साल सहज सुटली पाहिजे. तोवर तिला नवं ब्लेड आणि कलमाची पट्टी आणून ठेवायला सांगा. पट्टी नसेल तर पातळ प्लास्टिकची सेंटीमीटरभर रुंद फीत चालते. डोळ्याची काडी शेजारपाजारहून घेणार असाल तर आधी तिथले नियम बघा, लिंबूवर्गीय झाडांची काडी एका भागातून दुसरीकडे न्यायला टेक्सासात बंधनं आहेत, ग्रीनिंग रोगामुळे.

सुप्रभा_होटगी

मोगऱ्याचं कोणीच सांगितलं नाही. शांत आहे म्हणजे गेला का?

ह्यूस्टनकर_मूळ_बार्शी

बुडाशी माती दोन इंच बाजूला करा, खोड जिथे मुळाला मिळतं तिथे खरवडा. हिरवं असेल तर जुलैपर्यंत थांबा, मोगऱ्याला रात्रीही उष्मा लागतो. तपकिरी आणि पोकळ लागलं तर नवीन लावा.